उधारीचं ताट

मुंबईत नव्या माणसापुढं पहिला प्रश्न नोकरीचा नसतो. पाठ टेकायची कुठं आणि पहिला पगार होईतो जेवायचं कुठं, हा असतो. गिरणगावात याचं उत्तर गावच देई. कोकणातला, घाटावरचा पोरगा वळकटी घेऊन उतरला, की गाववाल्यांच्या खोलीत त्याला हातभर जागा मिळे. एकाच पथारीवर दिवसा एक झोपे, रात्री दुसरा. गोव्याच्या मंडळींचे धोबीतलावला गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीची नोकरी मिळेतो खलाशी तिथं नाममात्र भाड्यानं राही.

या गाववाल्यांचं कौतुक पुष्कळ झालं. खाणावळवालीचं मात्र राहून गेलं. पाच-पंचवीस जणांना दोन वेळ रांधून घालायचं, पैसे पगाराला. नव्याचं ताट तर निव्वळ विश्वासावर! (हिशेब बहुधा डोक्यात, वहीला सवड कुठली?) वाण्याची उधारी तिच्या नावावर, सावकाराचं व्याजही तिच्याच. १९७४ च्या संपात पगार थांबले, पण ताटं वाढली जातच होती. पुढच्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. आता तिथं टॉवर उभे आहेत. ते बांधायला उत्तर प्रदेश-बिहारमधून पोरं येतात, तीही गाववाल्याच्याच ओळखीनं. पण सारा गाव एकाच कामावर. मजुरी थांबली की सगळ्यांचीच थांबते. २०२० च्या टाळेबंदीत तसंच झालं, आणि यांतले हजारो जण पायीच गावाकडे निघाले.