टार्गेट उडवून काय साधतं?

इंटिग्रेशन टेस्ट लाल झाली की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतोच : ‘आधी क्लीन मारून बघ.’ काही टीम्समध्ये तर हा दंडकच आहे. टेस्ट चालवायची तर मेवनचं टार्गेट फोल्डर आधी उडवायचं.

या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा डेटाबेस मायग्रेशन्ससाठी फ्लायवे वापरणाऱ्या प्रकल्पांत सापडतो. मेवनचं रिसोर्सेस प्लगिन फाइली टार्गेट/क्लासेसमध्ये नेऊन ठेवतं, पण सोर्समधून गेलेली फाइल तिथून काढत नाही. मायग्रेशनच्या एसक्यूएल फाइलचं आवृत्ती क्रमांक सोडून बाकीचं नाव बदललं, की जुनी आणि नवी दोघीही तिथे नांदतात आणि एकाच आवृत्तीची दोन मायग्रेशन्स पाहून फ्लायवे अडून बसतं. इथे क्लीन हवंच. पण म्हणून ते रोज कशाला?

‘क्लीन केलं म्हणजे खरीखुरी चाचणी झाली’ हे तर मला मुळीच पटत नाही. इंटिग्रेशन टेस्ट चालवणारं फेलसेफ प्लगिन पॅकेजिंगनंतर चालतं, ते तयार जार तपासता यावा म्हणून. स्प्रिंग बूट मात्र आपल्या जारमध्ये क्लासेस बूट-इन्फच्या आत ठेवतं. साध्या क्लासपाथला ते सापडत नाहीत, म्हणून स्प्रिंग बूटचा पेरेंट पॉम फेलसेफला परत टार्गेट/क्लासेसकडे वळवतो. म्हणजे सर्व्हरवर जार जातो आणि टेस्ट होते ती सुट्या क्लासेसची. टार्गेट शंभरदा पुसलं तरी यात काडीचा फरक पडत नाही. जारच तपासायचा तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये उठवून त्याच्यावर टेस्ट सोडायला हवी.

विंडोजवर कधी कधी क्लीनच फसतं, कारण कोणीतरी जार धरून ठेवलेला असतो. लोक विंडोजला शिव्या घालतात. पुष्कळदा खरं कारण असं, की कोणीतरी व्हेरिफायऐवजी नुसतं इंटिग्रेशन-टेस्ट चालवलेलं असतं. मग टेस्टसाठी उठवलेला सर्व्हर बंद करणारा पुढचा टप्पा येतच नाही आणि तो मागे जिवंत राहतो. शिवाय टेस्ट नापास झाल्या तरी इंटिग्रेशन-टेस्टच्या टप्प्यावर बिल्ड हिरवाच दिसतो, कारण निकाल व्हेरिफाय लावतं.

आणि अधूनमधूनच फुटणारी टेस्ट? तिचा माग फेलसेफ-रिपोर्ट्समध्ये असतो आणि क्लीन नेमकं तेच पुसून टाकतं.

सीआयवर नवा चेकआउट घ्यावा, तिथे सगळं कोरंच असतं. आपल्या मशीनवर व्हेरिफाय चालवावं. टेस्टने लिहायचं ते टार्गेटच्या आत, प्रत्येकीने आपापल्या फोल्डरमध्ये. सोर्सच्या टेस्ट रिसोर्सेसमध्ये तर कधीच नाही. टेस्टला तात्पुरतं फोल्डर देणारं जेयुनिटचं टेम्पडिर टेस्ट नापास झाली तरी आपलं फोल्डर पुसतं, हा त्याचा डिफॉल्ट. ५.९ पासून ‘फक्त यशस्वी झाल्यावर पुसा’ असं सांगता येतं. ५.१० पासून ते फोल्डर सिस्टीमच्या टेम्पऐवजी टार्गेटमध्ये आणायला फॅक्टरी देता येते, म्हणजे सीआय रिपोर्टसोबत तेही उचलू शकतं. क्लीन राखून ठेवावं ते रिसोर्स फाइल काढल्यावर, तिचं नाव बदलल्यावर किंवा ब्रँच बदलल्यावर, आणि तेही आधीचे रिपोर्ट्स वाचून झाल्यावर.