सामान नाही म्हणे!

कोल्हापुरातली आपली पोरं सांगतात, "मेटल गिटार रेकॉर्ड करायला लाखभर रुपये पाहिजेत." साफ खोटं! मीही याच सबबीवर वर्ष घालवलं. लॅपटॉप, हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस पुरतो. अँपचा आवाज देणारं 'न्यूरल अँप मॉडेलर' फुकट मिळतं. चुकतं ते हातात आणि कानात. गेन कमी करा. तोच रिफ दोनदा वाजवा, एक टेक डावीकडे, दुसरा उजवीकडे. कॉपी-पेस्टने आवाज रुंद होत नाही. ८० हर्ट्झखालची गडगड बेसला सोडा.

शेजारच्या मिरजेतले शिकलगार हत्यारांना धार लावायचे. तो धंदा सरला, तेव्हा १९व्या शतकात तेच हात सतार-तंबोरे घडवू लागले. आपण मात्र सामानाची वाट बघत बसायचं?