विज्ञानकथेतील परका आणि समीक्षेचे मौन

मराठी विज्ञानकथेची चर्चा अद्यापि दोनच प्रश्नांपाशी घुटमळते आहे : कथेतले विज्ञान बिनचूक आहे काय, आणि तिच्यामुळे वाचकाची वैज्ञानिक दृष्टी वाढते काय. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा हे प्रश्न स्वाभाविक होते. नवा वाङ्मयप्रकार आपली पात्रता सिद्ध करू पाहत होता. 2021 साली नाशिकच्या 94व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आल्यानंतर मात्र 'उपेक्षित प्रकार' ही तक्रार टिकत नाही. तरीही समीक्षा पात्रताच तपासत बसली आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पानिपतावर मराठे जिंकले असते तर जी मुंबई घडली असती, त्या मुंबईत इतिहासाचे एक पुणेरी प्राध्यापक जाऊन पडतात. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते सवयीने तीवर बसतात, आणि त्या जगाला सभेचा अध्यक्ष ही कल्पनाच अमान्य असल्याने जमाव त्यांच्यावर उलटतो. शहर ओळखीचे आहे; परका आहे तो विद्वान. परंतु पुढे पुंजवादाचे स्पष्टीकरण येते आणि चर्चेचे सारे लक्ष तिकडेच वळते. लेखकाने स्पष्टीकरण देणे समजू शकते, विज्ञानप्रसार हे त्याचे उघड प्रयोजन होते. समीक्षेला ती सबब नाही. (डार्को सुविन यांची 'परकेपणा'ची संकल्पना मराठीत उद्धृत होते, वापरली क्वचितच जाते.)

परका शोधण्यासाठी आकाशाकडेच पाहावे लागते असे नाही. सांगवीपासून इंदापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात दर गळीत हंगामात बीडकडून तोडणी कामगार येतात. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसाला अवजाराचे नाव देणारी ही परिभाषा कोणा विज्ञानकथाकाराने रचलेली नाही. एका दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न 2019 साली राज्य सरकारच्या चौकशी समितीपर्यंत गेला. त्याच बारामतीत 2024पासून उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू झाले. उपग्रहाची छायाचित्रे आणि जमिनीतील संवेदके यांच्या आधारे पाणी केव्हा द्यावे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळू लागले. उसाच्या मुळाशी किती ओल आहे हे यंत्रणेला ठाऊक, आणि तो तोडणारी बाई तिच्या हिशेबात अर्धा कोयता!

हा विषय ग्रामीण किंवा दलित साहित्याचा आहे, विज्ञानकथेचा नव्हे, असा आक्षेप येईल. वस्तुतः दोष नेमका या वाटणीतच आहे. भविष्यकाळ शास्त्रज्ञाच्या वाट्याला आणि व्यथा तोडणी कामगाराच्या, असे वाङ्मयप्रकारांचे वतन एकदा लावून दिले की भविष्यात त्या बाईला जागाच उरत नाही. ती कायम भूतकाळातली ठरते.

या प्रकाराला हे पेलणार नाही असेही म्हणता येत नाही. नारळीकरांच्याच 'पुत्रवती भव'ने पुत्राच्या हव्यासाला विज्ञानाची जोड मिळाल्यास काय होईल हे पाहिले होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्रीय कायदा 1994 साली झाला. स्त्रीदेहाच्या राजकारणावरील मराठी विवेचनात या कथेचा निर्देश व्हायला हवा होता. ती अजून विज्ञानप्रसाराच्या रकान्यातच मांडली जाते.