आमची मिटिंग कधी?



परवा लासूर स्टेशनच्या बाजारात एका गावचे सरपंच भेटले. कांद्याची गाडी लावून चहाला थांबले होते. म्हणाले, "साहेब, गावात पाणलोटाचे काम घ्यायचे आहे. आधी कोणता कागद करू?" मी म्हटले, "कागद नंतर. आधी माणसे गोळा करा." मी टाळतो आहे असे त्यांना वाटले. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका गावच्या गायरानावर आम्ही सलग समतल चर खोदले आणि रोपे लावली. खाली नाल्याला बांध घातला. काम करण्यापूर्वी पारावर बैठकही झाली होती. सरपंच होते, चार-पाच बागायतदार होते, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन पाहतो तो रोपांचे शेंडे खाल्लेले आणि चरांचे भराव मेंढरांच्या खुरांनी ढासळलेले. मी रागाने मेंढपाळांच्या वस्तीवर गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी मला घोंगडीवर बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "सायेब, तुमची मिटिंग झाली तवा आमी मेंढरं घिऊन रानात व्हतो. नाल्यावर पान्याला जायची आमची वाट तुमच्या चरांनी बंद झाली. आमची मिटिंग कवा?"

मला उत्तर देता आले नाही. चूक मेंढरांची नव्हती, माझी होती.

मग रात्री, मेंढरे वाड्यात आल्यावर, त्याच वस्तीवर बैठक घेतली. पाण्याकडे जाणारी वाट मोकळी सोडायची, निम्मे गायरान आळीपाळीने बंद ठेवायचे आणि बंद भागातले गवत कापून न्यायचे, असे ठरले. बायाही आल्या होत्या. एक बाई मागून म्हणाली, "बांधाचं पाणी कुनाच्या उसाला जानार ते आधी सांगा. आमच्या हिरीला चैतात बी पानी ऱ्हाईल का?" हा प्रश्न पारावरच्या बैठकीत कोणीच काढला नव्हता. तिथे बसलेल्यांपैकी कोणाच्या डोक्यावर हंडा नव्हता.

रोपे पुढे जगली. उसाचा प्रश्न मात्र सुटला नाही. बांधाखाली दोघांनी खोल बोअर घेतल्या आणि तिसऱ्या वर्षी पिण्याच्या विहिरीने चैत्रातच तळ दाखवला. चराला पैसा सरकारचा, घाम मजुरांचा, आणि पाणी दोघांचे! हे शल्य मला आजही आहे.

असे का होते ते पाहा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. ५०० मिलिमीटर पडला तर ५० लाख लिटर. ते अडवून जिरवले, तरी आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. तुमच्या शेतात मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत निघते, आणि शेजाऱ्याची बोअर खोल गेली की तुमची विहीर आटते. सातबारा वेगळा असला तरी खालचे पाणी सामाईक आहे. १९९३ साली राज्याने कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत, एकाच पाणलोटात, विनापरवाना नवी विहीर खोदायला मनाई केली. पण गावाने ठरवल्याशिवाय नुसत्या कायद्याने बोअरची गाडी थांबत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

जिथे गावाने ठरवले तिथे काय झाले? १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केले आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले. पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे-जनावरे, मग पिके. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी. लांब कशाला, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले कडवंची पाहा. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले, म्हणून कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी एवढे करा:

१. आधी शिवारफेरी काढा. माथ्यावरचा, पायथ्याचा, मेंढपाळ, शेतमजूर, सर्वांना बरोबर घ्या.

२. बैठक ज्याच्या-त्याच्या सवडीने घ्या. मेंढपाळांसाठी रात्री, बायांसाठी स्वयंपाकाची वेळ टाळून. बायांची वेगळी बैठक आधी घेतली तर त्या मोकळेपणाने बोलतात.

३. ज्याचे नुकसान होणार आहे त्याला पहिल्यांदा बोलू द्या. कोणाची वाट जाते, कोणाचा चारा बंद होतो, हे लिहून घ्या आणि त्याची सोय आधी करा.

४. पाणी आल्यावर कोणी किती घ्यायचे, हे बांध घालण्यापूर्वीच ठरवून ग्रामसभेच्या ठरावात लिहा. विहिरीला पाणी आले की मग कोणी ऐकत नाही.

५. खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

यात दोन-तीन महिने जातील. जाऊ द्या. घाईने घातलेला बांध पहिल्या पुरात फुटला तर पुन्हा घालता येतो. गावाचे मन एकदा फुटले की त्याचे अंदाजपत्रक करता येत नाही.

चहा संपवून सरपंच उठले तेव्हा मी एकच विचारले, "तुमच्या गावात मेंढरे किती?" त्यांना आकडा सांगता आला नाही. पण जाताना म्हणाले, "आज रात्रीच वस्तीवर जाऊन येतो."

तुम्हीही जाऊन या.