श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

बेंगळूरुच्या वायव्येला १९७० च्या दशकात वसलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणले जाते. तेथील यंत्रशाळांत आणि कपड्यांच्या कारखान्यांत ऐन तारुण्यात रुजू झालेली पहिली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. जन्मभर अंगमेहनत केलेल्यांना म्हातारपणी निराळा व्यायाम कशाला, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो महागात पडणारा आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हा विकार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. मात्र जगभरातील सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येण्याजोगी आहेत, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले. त्याने सांगितलेल्या १४ कारणांत व्यायामाचा अभाव, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण आणि प्रदूषित हवा यांचा समावेश आहे.

व्यायामाने नेमके काय साधते? २०११ मधील एका अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालण्याचा नेम पाळला. मेंदूतील स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो आक्रसला. पुढे २०१५ मध्ये सोळाशेहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात मात्र बुद्धिक्षमतेत असा लाभ दिसला नाही. त्याच वर्षी फिनलंडमध्ये व्यायामाला आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावरील देखरेखीची जोड दिली, तेव्हा फरक पडला. व्यायाम आवश्यक आहे, पण एकटा पुरेसा नाही, हा त्याचा अर्थ.

कारखान्यातील श्रमांचे गणित तर याहून वेगळे. तासन्‌तास उभे राहणे आणि पुरेशा विश्रांतीविना ओझी उचलणे यांनी हृदयाची क्षमता वाढत नाही. उलट त्यावर ताण येतो. कोपनहेगनमधील पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासात कष्टाची कामे करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिकच आढळले. त्यात यंत्रांच्या खडखडाटाने जाणारी श्रवणशक्ती ही आणखी एक भर.

म्हणून उपाय निवृत्तीपूर्वीच सुरू व्हायला हवा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी चाळिशीपुढील कामगारांसाठी मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद केली आहे. तीत रक्तदाब व रक्तशर्करेबरोबर श्रवणचाचणीही असावी, आणि ती कंत्राटी कामगारांपर्यंत पोहोचावी. कर्नाटकाने निम्हान्सच्या साहाय्याने २०२२ मध्ये मेंदू-आरोग्याचा उपक्रम सुरू केला. त्याचा रोख औद्योगिक वस्त्यांकडेही वळावा. आणि ‘रोज चाला’ असे वृद्धांना बजावण्याआधी त्यांना अवजड वाहनांपासून सुरक्षित, सलग पदपथ व सावलीची बाग द्यायला हवी. ज्यांच्या घामावर शहराची भरभराट झाली, त्यांची स्मृती जपणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.