अर्धा तास कुणाचा?

वाळवा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब संपल्यावर आशाताईंनी तपासणीचा सरकारी फॉर्म काढला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीसाठी तो भरायचा असतो. त्यात कंबरेचं माप विचारतात आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का, हेही विचारतात. एक जण म्हणाली, "ताई, दिवसभर पाय ठरत न्हाईत, आन् ह्यांना हालचाल पायजे!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण हसणाऱ्यांतल्या तिघींना 'शुगर' होती, आणि त्यातली एक तर अगदी काटकुळी.

'शुगर जाड्या माणसाला होते' ही समजूत आपण सोडायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा दोघांचा मिळून एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, त्यांचे स्नायू कमी भरतात, पण चरबी त्यामानाने टिकून राहते. म्हणजे ही चरबी निव्वळ खादाडपणाची नव्हे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, असं शरीर असेल तर वजनकाटा फसवतो. म्हणून टेप लावायची. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

आता 'दिवसभर राबतो' याबद्दल. ऊसतोड करणारी, खुरपायला जाणारी बाई हालचाल करतेच. तिला 'चालायला जा' म्हणणं ही थट्टा आहे. तिला पोटभर सकस जेवण आणि विश्रांती हवी. पण कृष्णाकाठच्या बागायती गावांत बऱ्याच घरांतली बाई शेतातून घरात आली. नळ, गॅस, मिक्सर आले. काम संपलं नाही, पण ते ओट्याशी उभं राहून किंवा बसून करायचं झालं. थकवा तेवढाच, चालणं मात्र गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात पुरेशी हालचाल न होणारे पुरुष ४२ टक्के, तर बाया ५७ टक्के आहेत. बाई आळशी आहे म्हणून हे झालं का?

चालणारा स्नायू रक्तातली साखर खेचून घेतो आणि त्याचा गुण दिवस-दोन दिवस टिकतो. रोज भरभर चालल्याने वजन फारसं उतरलं नाही, तरी पोटातली चरबी कमी होऊ शकते. काटा हलला नाही म्हणून खचू नका. सलग वेळ नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाला, अर्ध्या तासाच्या वर सलग बसू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, जवळ साखर ठेवा, अनवाणी जाऊ नका आणि पायाला जखम नाही ना, ते रोज पाहा.

हे सगळं दवाखान्यात सांगतात. 'मग सकाळचा डबा कोण करील?' हे कुणी विचारत नाही. साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणारी माणसं पाहून बरं वाटतं. पण खेड्यातल्या बाईला पहाटे अंधार, संध्याकाळी स्वयंपाक. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस, दिवे नाहीत, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. त्यातून एकटी चालली तर 'कुठं निघाली?' हा प्रश्न आहेच. शुगर झालेल्या पुरुषाला फिरायला घरचे उठून धाडतात. बाईचं फिरणं मात्र 'रिकामपण' ठरतं.

म्हणून हा प्रश्न एकेकीच्या मनोनिग्रहावर सोडून चालणार नाही. गटाने एकत्र निघावं, दहा जणी असल्या की भीती आणि टोमणे दोन्ही कमी होतात. ग्रामसभेत रस्त्याच्या दिव्यांची आणि संध्याकाळी शाळेचं मैदान खुलं ठेवण्याची मागणी लेखी द्यावी. आणि सगळ्यात अवघड मागणी घरात करावी: त्या अर्ध्या तासात कणीक दुसऱ्या कुणी मळावी.

त्या बैठकीनंतर ती काटकुळी बाई मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "तुमच्या निमित्तानं चालले बघा." मैत्रिणींनो, आपल्याच देहासाठी चालायला बाईला पाहुणीचं निमित्त का लागावं? पुढच्या बैठकीत हिशेबानंतर हा विषय घ्या, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.