नकाशा कुणी काढला?

द्वारका चौकात उभं राहा. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, रिक्षा, एसट्या, आणि मधे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी आपली माणसं. एक रस्ता नाशिकरोड स्टेशनकडं जातो, एक जुन्या गावात, तिथून पूल ओलांडला की पंचवटी. आता मोबाईल काढा, नकाशा उघडा. काळाराम मंदिर दाखवील. मिसळ दाखवील, लॉज दाखवील, एटीएम दाखवील. २ मार्च १९३० दाखवणार नाही.

शाळेच्या पुस्तकात तो दिवस आहे. एक-दोन ओळींत. डॉ. आंबेडकरांनी दादासाहेब गायकवाडांच्या साथीनं सत्याग्रह केला, झालं. प्रश्न आला तर एक मार्क. कुठल्या रस्त्यानं गेले, किती होते, बाया किती, कुठं अडवलं, कुणी अडवलं? मास्तर म्हणतो, पुढचा धडा घ्या. आणि पोर काळारामापासून अर्ध्या तासावर राहतं, साला!

आता शाळाशाळांत डिजिटल फळे आलेत. त्या फळ्यावरही तोच धडा, फक्त रंगीत. म्हणजे पाटी बदलली, अक्षर तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. पोरांच्या हातात अस्सल कागद द्या आणि नकाशा त्यांनाच काढू द्या. कागद नाहीत असं कुणी सांगू नये. १९८२ साली महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानंच बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा खंड छापला. त्यात वर्तमानपत्रांतल्या त्या वेळच्या बातम्या आहेत, पोलिसांचे अहवाल आहेत. इंग्रजी आहे, मान्य. मास्तरनं एक पान मराठीत करून द्यावं, झेरॉक्स काढावी. एक पान पुरतं. कारण पोरगं पहिलाच सवाल टाकतं : हे लिहिलं कुणी? पोलिसानं. मग तो आपल्याबद्दल खरं कशाला लिहील? इथं इतिहास सुरू होतो. मिरवणुकीत पंधरा हजार लोक होते असं सांगतात. मोजले कुणी? कुठं उभं राहून? पोलिसाचा आकडा, पेपरवाल्याचा आकडा आणि आपल्या आज्ज्याचा आकडा शेजारीशेजारी मांडा, पोरं आपोआप भांडायला लागतात. भांडू द्या.

मग नकाशा. जुना नकाशा घ्यायचा, स्कॅन करायचा. काळ गेला तरी ज्या जागा हलल्या नाहीत त्या शोधायच्या : रामकुंड, मंदिर, व्हिक्टोरिया पूल, ज्याला आज अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतात. तीन-चार खुणा तरी लागतात, जास्त असल्या तर बरं. त्या खुणांना आजचे अक्षांश-रेखांश दिले की जुना कागद ताणून आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसतो. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते जमत नसेल तर गुगल अर्थवर ठिपके टाका. त्यावर मैलभराची ती मिरवणूक काढायची. मंदिराशी आली, दारं बंद, म्हणून गोदावरीच्या घाटाकडं वळली, तिथं सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी : १२५ पुरुष, २५ बाया, चार दरवाजांवर. चारी दरवाजे पोरांनी स्वतः चालत जाऊन मोजावेत. ९ एप्रिलला रामाच्या रथावरून ठरलेला शब्द मोडला, दगड आले. ते कुठल्या बोळात, तेही शोधावं. नाव द्वारका, आणि नाशिकचा आपला अख्खा लढा दारांचा.

आपल्यातलेच काही म्हणतील, देवळाचं काय घेऊन बसलात, बाबासाहेबांनीच ते सोडलं. बरोबर. ३ मार्च १९३४ चं बाबासाहेबांचं दादासाहेबांना पत्र आहे. मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, माणसं जागी करायला होता, असं त्यात स्पष्ट आहे. पुढं १३ ऑक्टोबर १९३५ ला येवला. म्हणूनच ते पत्रही पोराच्या हातात पाहिजे. नाहीतर देवळातला पुजारी आणि निवडणुकीतला पुढारी दोघंही सांगतील, बघा, यांनाही रामच हवा होता.

अमेरिकेत हेच चाललंय. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेनं दोनशेवर शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथं घरकर्ज देणं धोक्याचं. रिचमंड विद्यापीठानं ते नकाशे २०१६ पासून सगळ्यांसाठी खुले केले. तिथलं पोर आपली गल्ली शोधतं आणि आज्जीला कर्ज का मिळालं नाही ते बघतं. ज्यांच्यावरून आपण पँथर हे नाव घेतलं त्यांची ही नातवंडं. आपली नातवंडं काय बघतात? रील.

आपल्याकडं लाल रंग लागला नाही, नावानंच काम भागलं. महारवाडा, मांगवाडा. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं, मी टाळी वाजवली. पण जुना गावनकाशा कपाटातून काढून कुणी जाळला तर मी भांडीन. पाटीवर नवं नाव लावा. गुन्ह्याचा कागद मात्र ठेवा. पोरानं दोन्ही एकावर एक ठेवून बघावेत : वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला होती, विहीर किती लांब होती, आणि आज तिथं नालाच का आहे.

एक धोका आहे. वर्गात मास्तर म्हणाला, चला, आपापलं घर नकाशावर दाखवा, तर पन्नास पोरांसमोर एका पोराची जात उघडी पडते. हे मी डोळ्यानं बघितलंय. पोरगी पाच मिनिटं मोबाईल हातात धरून उभी राहिली, मग मावशीच्या कॉलनीवर बोट ठेवलं. तेव्हा आधी गाव, मग मंदिर, मग सरकार, त्यांची घरं उघडी करा. पोराचं घर पोरानं स्वतः ठरवलं तरच.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे. क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. एका पोराचं नाव रजिस्टरात, बस. आपल्या शाळांच्या रजिस्टरात आपल्या आज्जीचं नाव आहे का, कितवीत तुटलं, ते बघायला काय लागतं? हेडमास्तरची परवानगी आणि एक दुपार.

येत्या २ मार्चला चार पोरं, एक मोबाईल, एका पानाची झेरॉक्स. सकाळी सातला द्वारकेवर, ट्रक वाढायच्या आत.